नळाला पाणी पाच दिवसांनी येतं तेव्हा: घरातल्या पाण्याचा उन्हाळी हिशेब

शिमगा सरला की महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात पाण्याचं वेळापत्रक ताणायला लागतं. बेळगाव शहराला मार्कंडेय नदीवरचा राकसकोप जलाशय आणि घटप्रभेवरचं हिडकल धरण अशा दोन ठिकाणांहून पाणी येतं. निपाणीची मदार जवाहर तलावावर. चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या नदीकाठच्या गावांचं लक्ष दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णेच्या पात्राकडं. एप्रिल-मेमध्ये या पात्रांत पाणी राहणार की नाही, हे बऱ्याच अंशी वर महाराष्ट्रातल्या धरणांतून किती सोडतात त्यावर ठरतं; म्हणून उन्हाळा आला की कोयना-वारणेतून पाणी सोडा ही मागणी होते. खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते, तिथं पावसाळ्यात पाऊस उभा-आडवा झोडपतो. तरी जांभ्या दगडाची लाल जमीन पाणी फार दिवस धरून ठेवत नाही आणि मे महिन्यात विहिरींचा तळ दिसतो.

धरणातलं पाणी आणि पाणी सोडायची वेळ आपल्या हातात नाही. पाणी एकदा घरात शिरलं की पुढचं सगळं मात्र आपल्याच हातात असतं. ‘पाणी जपून वापरा’ म्हटलं की लोक पिण्याच्या तांब्याकडं बघतात. पण माणसाला प्यायला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला पाच-सहा लिटर पुरतात. तिथं वाचवण्यासारखं काही नाही, आणि उन्हाळ्यात तिथं वाचवूही नये. पाणी जातं ते संडासात, कपड्यांत, गळतीत आणि ‘शिळं झालं’ म्हणून गटारात ओतलेल्या घागरींत.

आधी टाकी किती लिटरची आहे ते मोजा

बऱ्याच घरांत संप, म्हणजे जमिनीतली टाकी, किती लिटरचा आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि २८.३ ने गुणा. ५ फूट लांब, ५ फूट रुंद संपात साडेचार फूट पाणी असेल तर ते साधारण ३,१८० लिटर होतं. त्यातलं तळाचं अर्धा फूट पाणी मोटरच्या पाइपच्या तळाच्या झडपेला (फूटव्हॉल्व्हला) मिळत नाही, म्हणजे ३५० लिटर वजा करा. हातात राहिलं २,८३० लिटर.

आता खर्चाची बाजू. शहरात माणशी रोज १३५ लिटर आणि जलजीवन मिशनखाली गावात ५५ लिटर, असं सरकारी माप आहे. पाच माणसांचं घर आणि पाच दिवसांनी येणारं पाणी धरलं, तर १३५ च्या मापानं ३,३७५ लिटर लागतील, म्हणजे वरचा संप पाचव्या दिवशी सकाळीच आटेल. ५५ च्या मापानं १,३७५ लिटर लागतील. बेळगावच्या घरात फार ओढाताण न करता माणशी ७० लिटरमध्ये भागतं: पिणं-स्वयंपाक ६, भांडी १०, अंघोळ १८, संडास १५, कपडे १५, बाकी हात-पाय आणि फरशी ६. पाच माणसं, पाच दिवस, १,७५० लिटर. संप भरलेला असेल तर या घरानं पाणी आठ दिवसांनी आलं तरी घाबरायचं कारण नाही.

वापर या मापात बसतो की नाही हे कळायला एक सरळ काठी पुरे. तिच्यावर इंचांच्या खुणा करा आणि रोज सकाळी एकाच वेळी संपात बुडवून बघा. वरच्या मापाच्या संपात १ इंच म्हणजे ५९ लिटर. पाच माणसांच्या घरात काठी रोज सहा इंचांपेक्षा जास्त उतरत असेल, तर पाणी कुठंतरी जातंय.

पाणी सुटल्यावरची पहिली पाच मिनिटं

पाइपलाइन भरलेली आणि दाबाखाली असते तेव्हा तिच्या फटींतून पाणी बाहेर झिरपतं. पाणी बंद झालं की पाइप रिकामी होते, आतला दाब जातो, आणि त्याच फटींतून भोवतालचा चिखल आत येतो. शेजारून गटार जात असेल तर तेही. पुन्हा पाणी सुटलं की ही घाण सगळ्यात आधी ढकलली जाते. म्हणून पहिलं पाणी गढूळ, कधी वास मारणारं येतं. ते सरळ संपात गेलं तर आठवडाभराचा साठा बिघडतो आणि शेवटी सगळाच ओतावा लागतो.

उपाय छोटा आहे. संपाकडं जाणाऱ्या पाइपवर एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि दोन कॉक बसवून घ्या, एक संपाकडचा, एक बाहेरचा. पाणी सुटलं की संपाकडचा कॉक बंद ठेवून बाहेरच्या कॉकला बादली लावा. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत जे येईल ते संडासाच्या पिंपात टाका. ते वाया जात नाही. मग संप सुरू करा.

नळाच्या लाइनला थेट मोटर लावणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. मोटर पाइपमधून पाणी ओढते तेव्हा पाइपमधला दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो. म्हणजे पाणी चालू असतानासुद्धा फटींतून घाण आत ओढली जाते, आणि गल्लीच्या टोकाच्या घराला थेंब मिळत नाही. पाणी आपोआप संपात पडू द्यावं आणि मोटर संपातून वर चढवायला वापरावी.

पाणी शिळं होत नाही

पाणी सुटलं की घराघरांतून हंडे-कळशा उपड्या होतात. कालचं ओता, ताजं भरा. शंभर-दीडशे लिटर एका सकाळी गटारात जातात. बेळगावात २००८ च्या सुमारास १० वॉर्डांत चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली. नळाला पाणी कायम असेल तर मुळात भरून ठेवायचं कारणच उरत नाही, मग ओतणार काय? ओतण्याची सवय टंचाईनंच लावलेली आहे आणि ती टंचाई वाढवते.

झाकलेल्या स्वच्छ भांड्यातलं पाणी पाच-सात दिवसांत नासत नाही. दोन गोष्टी मात्र होतात. एक, पाण्यातला क्लोरीन एक-दोन दिवसांत उडून जातो, त्यामुळं नंतर काही जंतू आत पडले तर त्यांना मारणारं काही उरत नाही. दोन, जंतू आत पडतात ते बहुतेक आपल्या हातानं, तांब्या बुडवताना बोटं पाण्यात गेली की. म्हणून पिण्याच्या पाण्याला लांब दांड्याचं ओगराळं किंवा खाली तोटीचं भांडं ठेवा. साठवून दोन दिवस झालेलं पाणी पिण्याआधी खळखळून उकळा. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. आंघोळीला, भांड्यांना, कपड्यांना पाचव्या दिवसाचं पाणी बिनघोर चालतं.

डासांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत नवा डास बाहेर पडतो. पण नुसतं पाणी ओतून हा डास जात नाही. त्याची अंडी पिंपाच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात. ताजं पाणी भरलं की त्यातून अळ्या सुटतात. म्हणजे पाणीही गेलं आणि डासही राहिले. करायचं ते असं: आठवड्यातून एकदा पिंपातलं पाणी दुहेरी सुती फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या, पिंपाची आतली भिंत काथ्यानं किंवा ब्रशनं खरवडून घासा, दोन तांबे पाण्यानं विसळून ते पाणी कोरड्या मातीवर फेका, आणि गाळलेलं पाणी परत ओता. तोंडाला फडकं घट्ट बांधा. नुसतं ताट ठेवलं तर कडेच्या फटीतून डास आत जातो.

गळती: दिसते ती आणि न दिसते ती

ठिबकणाऱ्या नळाखाली दहा मिनिटं पेला ठेवा. १०० मिलिलिटर जमलं तर दिवसाला १४.४ लिटर गेले, पाच दिवसांत ७२. घरातल्या एका माणसाच्या एका दिवसाच्या पाण्याहून जास्त.

फिरवून आवळायचा जुना पितळी नळ असेल तर दोष बहुतेक आतल्या रबरी वायसरचा. नळ गळतो म्हणून लोक जोर लावून आवळतात, त्यानं वायसर आणखी कापला जातो. वरचा कॉक बंद करा, नळ उघडून आतलं पाणी काढा, डोक्याखालचा षटकोनी भाग पान्यानं सोडवा. त्याच्या टोकाला वायसर दिसेल. झिजलेला, मधे गोल खड्डा पडलेला. तो दुकानात घेऊन जा आणि त्याच मापाचा आणा; घरगुती नळाला सहसा अर्ध्या इंचाचा लागतो. नवा घालण्याआधी नळाच्या आतली जी कड वायसरला टेकते तिच्यावर बोट फिरवा. ती खरखरीत असेल तर नवा वायसरही पंधरा दिवसांत जाईल, मग नळच बदललेला बरा. अर्ध्या फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळांत वायसर नसतो, आत चकत्यांची नळकांडी असते. ती अख्खी बदलावी लागते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानं तिच्यावर पांढरा थर चढून ती अडकते. लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवली की बऱ्याचदा सुटते.

न दिसणारी गळती फ्लशच्या टाकीत असते. टाकीत थोडी शाई किंवा खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश ओढू नका. भांड्यात रंग उतरला तर दोनांपैकी एक कारण: तळाचं रबरी सील गेलंय, किंवा पाणी जास्त चढून मधल्या उभ्या नळीतून वाहून जातंय. पाण्याची पातळी त्या नळीच्या तोंडापेक्षा इंचभर खाली हवी. फ्लोटचा स्क्रू फिरवून ती खाली आणता येते.

वरच्या टाकीतून पाणी ओसंडत असेल तर बॉलकॉक बघा. दांडी हातानं वर उचलून धरल्यावर धार थांबली, तर कॉक ठीक आहे, दोष चेंडूत. चेंडू कानाजवळ हलवा, आत पाणी खळखळलं की तो भोक पडून जड झालाय. दांडी उचलूनही धार चालूच राहिली, तर कॉकमधला वायसर गेला.

आणि रात्रीची परीक्षा. झोपताना संपात काठी घालून खूण करा, सकाळी पाणी वापरण्याआधी पुन्हा बघा. पाव इंच उतरलं तर आठ तासांत १५ लिटर गेले, पाच दिवसांत सव्वादोनशे. दुसऱ्या रात्री संपातून बाहेर जाणारा कॉक बंद करून हेच करा. तरीही पातळी उतरली तर संपाला भेग आहे. उतरली नाही तर दोष पुढच्या पाइपात.

मोठा खर्च: संडास आणि कपडे

जुन्या फ्लशच्या टाकीत १० लिटर मावतात. पाच माणसं, दिवसाला पाच-पाच वेळा: २५० लिटर. पाचही जणांच्या अंघोळीला ९० लागतात हे बघितलं की आधी कुठं हात घालायचा ते कळतं. टाकीत पाण्यानं भरलेली, बूच घट्ट लावलेली लिटरची बाटली उभी ठेवली तर दर वेळी लिटरभर वाचतं, दिवसाला २५. बाटली दांडीला अडकू देऊ नका, आणि वीट घालू नका. विटेचा चुरा सीलखाली बसतो आणि गळती सुरू होते. खऱ्या टंचाईत फ्लशचा कॉक बंद करून शेजारी पिंप ठेवावं आणि त्यात कपड्यांचं, अंघोळीचं पाणी भरावं. तांब्या-तांब्यानं ओतलं तर दहा लिटर जातात आणि साफ होत नाही. पाच लिटरची छोटी बादली कंबरेच्या उंचीवरून एका झटक्यात ओतली की काम होतं.

कपड्यांत पाणी जातं ते खळबळताना, धुताना नव्हे. समजा पिळल्यावर कपड्यांत एक लिटर साबणाचं पाणी राहिलं. ते एकदाच २० लिटरमध्ये खळबळलं तर साबण एकविसाव्या हिश्शावर येतो. तेच २० लिटर दोन भाग करून, आधी १० लिटरमध्ये खळबळून पिळलं आणि मग दुसऱ्या १० लिटरमध्ये, तर साबण अकराव्या हिश्शाचा अकरावा हिस्सा, म्हणजे एकशे एकविसाव्या भागावर येतो. पाणी तेवढंच, कपडा जवळपास सहापट स्वच्छ. गुपित मधल्या पिळण्यात आहे. अर्धस्वयंचलित मशीनमध्ये नळ चालू ठेवून खळबळत राहण्यापेक्षा टब भरा, मधे एकदा ड्रायरमध्ये फिरवा, पुन्हा भरा. शेवटच्या खळबळीचं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं. ते पुढच्या धुण्याच्या पहिल्या पाण्याला ठेवा. पावडर मोजून घाला. मूठभर जास्त पडली की एक खळबळणी वाढलीच.

भांड्यांनाही हाच नियम. आधी खरकटं आणि तेल कागदानं किंवा नारळाच्या शेंडीनं पुसून काढा, घासा, मग दोन पाट्यांत पाणी घेऊन एकापाठोपाठ एक विसळा. सिंकचा नळ पूर्ण उघडला तर मिनिटाला सहा-सात लिटर सहज जातात. दहा लिटरची बादली किती वेळात भरते ते घड्याळ लावून बघा.

सोलरच्या घरांत आणखी एक वाट आहे. गच्चीपासून न्हाणीपर्यंत पाऊण इंची पाइप १५ मीटर असेल तर तिच्यात सव्वाचार लिटर गार पाणी उभं असतं, आणि पाइप तापेपर्यंत आणखी दोन-तीन लिटर जातात. गरम येईपर्यंत नळाखाली कळशी ठेवा, आणि घरातल्यांनी अंघोळी लागोपाठ उरका. तासातासाच्या अंतरानं केल्या तर प्रत्येकाला नव्यानं पाइप रिकामी करावी लागते.

वापरलेलं पाणी झाडांना देताना

अंघोळीचं आणि कपड्यांचं दुसरं पाणी नारळ, केळ, अळू, आंबा यांना चालतं. कच्च्या खायच्या कोथिंबीर-मेथीवर घालू नये. त्याच दिवशी वापरावं, दुसऱ्या दिवशी त्याला वास सुटतो. जमीन कोणती आहे हेही महत्त्वाचं. बेळगाव-खानापूरची लाल माती साबणाचं पाणी झटकन खाली सोडते. अथणी-रायबागकडच्या काळ्या मातीत साबणातला सोडियम चिकणमातीचे कण सुटे करतो, ते फुगून छिद्रं बुजवतात, आणि वर पाणी न शोषणारा कडक पापुद्रा धरतो. तिथं रोज जागा बदलावी. झाडाच्या बुडाशी उसाचं पाचट तीन इंच पसरलं की पाणी घालायच्या पाळ्या निम्म्यानं कमी करून बघता येतात. सीमाभागात पाचटाला तोटा नाही. ते फडात जाळण्यापेक्षा झाडाखाली आणावं.

आरओ मशीन एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर टाकून देतं. ते फरशीला, संडासाला वापरा. बोअरचं पाणी असेल तर त्यात क्षार दीडपटीपर्यंत गोळा झालेले असतात, कुंड्यांना घालू नका. राकसकोप-हिडकलचं नळाचं पाणी मुळात मऊ आहे. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असले तर भारतीय मानकानुसार ते चांगलं मानतात. एकदा तपासून घ्या. त्याच्या आत असेल तर आरओची गरज नाही, गाळून उकळणं पुरतं.

टँकर, बोअर आणि वळीव

टँकरचं पाणी आलं की ते कुठल्या विहिरीचं हे विचारा आणि जुन्या साठ्यात मिसळू नका. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून रात्रभर निवळू द्या. गाळ असताना क्लोरीन काम करत नाही. मग १,००० लिटरला २.५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीभर पाण्यात कालवा, चुना तळाशी बसू द्या, वरचं निवळ तेवढंच टाकीत ओता. अर्ध्या तासानं पाण्याला क्लोरीनचा हलका वास यायला हवा. आला नाही तर निम्मी मात्रा आणखी. उघडं पडलेलं पाकीट वापरू नका, त्यातला जोर गेलेला असतो.

बोअर किंवा विहिरीची मोटर मधे मधे हवा मारायला लागली की बंद करा. कोरडी फिरली तर आतलं सील जळतं आणि वाइंडिंगही जातं. झरे भरायला वेळ लागतो: वीस मिनिटं चालवा, दोन तास थांबा, पुन्हा वीस मिनिटं. सलग तासभर चालवून जेवढं मिळतं त्यापेक्षा यात जास्त मिळतं. बेळगावात अजून पुष्कळ जुन्या विहिरी आहेत. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेली. परसातली विहीर असेल तर तिच्यात कचरा न टाकता वापराचं पाणी तिथून घ्या, नळाचं पिण्याला राखा.

एप्रिल-मेमध्ये बेळगावकडं वळवाचे एक-दोन तडाखे येतातच. १,००० चौरस फूट छपरावर २० मिलिमीटर पाऊस पडला तर १,८६० लिटर पडतात. कौलं पितात, उडतं, सांडतं ते सोडून दीड हजार लिटर हाती लागतात. पन्हाळी पाडव्यानंतरच झाडून घ्या, खालच्या पाइपला एक लवचीक तुकडा जोडून ठेवा. पहिली दहा-पंधरा मिनिटं धूळ, पानं, पक्ष्यांची घाण धुऊन येते. तेवढा वेळ पाइपचं तोंड अंगणात सोडा, मग पिंपाकडं वळवा आणि तोंडावर फडकं बांधा. हे पाणी प्यायचं नाही, बाकी सगळ्याला चालतं. वीज कडाडत असेल तर पाइप वळवायला बाहेर जाऊ नका. तो तुकडा ओसरीतून ओढता येईल इतका लांब ठेवा.